विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग

विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग, पहिले बॅरन आर्मस्ट्राँग (२६ नोव्हेंबर, इ.स. १८१० – २७ डिसेंबर, इ.स. १९००) हे ब्रिटिश अभियंता, संशोधक आणि उद्योजक होते. पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन, जलदाब संचायक आणि मागून ठासण्याची आट्यांची तोफ ही त्यांची प्रमुख कामे होत. इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीकाठी एल्स्विक येथे त्यांनी स्थापन केलेली कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातील सर्वांत मोठ्या शस्त्रनिर्मात्यांपैकी एक बनली. आर्मस्ट्राँग मिचेल, आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ, व्हिकर्स-आर्मस्ट्राँग्ज अशी नावे बदलत ती विसाव्या शतकातही टिकून राहिली.

पेशाने ते मुळात वकील होते. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत त्यांचा उदरनिर्वाह कायद्याच्या कागदपत्रांवर चालत होता.

प्रारंभीचे जीवन

आर्मस्ट्राँग यांचा जन्म न्यूकॅसल अपॉन टाइन या शहरातील शील्डफील्ड भागात झाला. त्यांचे वडील, त्यांचेही नाव विल्यम, कंबरलंडमधून येऊन न्यूकॅसलमध्ये धान्याचे व्यापारी म्हणून स्थिरावले होते आणि पुढे १८५० मध्ये ते शहराचे महापौर झाले. आईचे नाव अ‍ॅन. अ‍ॅन याच नावाची एक थोरली बहीण वगळता त्यांना भावंडे नव्हती. लहानपणी त्यांची छाती नाजूक होती आणि वारंवार आजारी पडत असल्याने हवापालटासाठी त्यांना नॉर्थम्बरलंडमधील रॉथबरी या गावी नेले जाई. कॉकेट नदीच्या या खोऱ्याशी जडलेला त्यांचा संबंध शेवटपर्यंत टिकला.

न्यूकॅसलच्या रॉयल ग्रामर स्कूलमध्ये आणि नंतर बिशप ऑकलंड येथे त्यांचे शिक्षण झाले. बिशप ऑकलंडला असताना विल्यम रॅमशॉ यांच्या अभियांत्रिकी कारखान्यात त्यांचे जाणेयेणे सुरू झाले. यंत्रांची पहिली जवळून ओळख त्यांना तेथेच झाली. रॅमशॉ यांची कन्या मार्गारेट हिच्याशी पुढे १८३५ मध्ये त्यांचा विवाह झाला. ती त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी होती. त्यांना अपत्य झाले नाही.

मुलाला यंत्रांची ओढ असल्याचे वडिलांना दिसत होते, तरी त्याने प्रतिष्ठित व्यवसाय करावा अशी त्यांची इच्छा होती. कुटुंबाचे स्नेही असलेल्या आर्मोरर डाँकिन या सॉलिसिटरकडे त्याला उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. काही काळ लंडनमध्ये मेहुणे विल्यम हेन्री वॉटसन यांच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास करून आर्मस्ट्राँग १८३३ मध्ये न्यूकॅसलला परतले आणि १८३५ मध्ये डाँकिन यांच्या पेढीत भागीदार झाले. डाँकिन अविवाहित होते. त्यांनी आर्मस्ट्राँग यांना मुलासारखे मानले आणि पुढे कारखान्यासाठी भांडवलही उभे करून दिले. वकिलीत गेलेली वर्षे वाया गेली असे म्हणता येणार नाही, कारण शहरातील व्यापारी, कोळसा खाणींचे मालक आणि नगरपालिकेचे पुढारी यांच्याशी झालेला परिचय हेच पुढे उद्योगाचे खरे भांडवल ठरले.

पाण्याचा दाब

डोंगराळ भागात मासेमारी करणे हा आर्मस्ट्राँग यांचा आवडता विरंगुळा होता. पेनाइन डोंगररांगेतील डेंटडेल येथे डी नदीकाठी गळ टाकून बसले असताना संगमरवराच्या खाणीला शक्ती पुरवणारी एक पाणचक्की त्यांच्या पाहण्यात आली. डोंगरावरून इतक्या उंचीवरून उतरणाऱ्या पाण्यापैकी चक्कीच्या उंचीएवढ्याच उताराचा उपयोग होत होता आणि बाकीची सर्व शक्ती वाया जात होती. हेच पाणी नळातून बंदिस्त खाली आणले, तर संपूर्ण उंचीचा दाब यंत्राला मिळेल, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. या तत्त्वावर त्यांनी प्रथम एक फिरते जलयंत्र तयार केले, पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. त्यानंतर त्यांनी दट्ट्यावर चालणारे यंत्र रचले, आणि त्याचा उपयोग क्रेनला होऊ शकतो हे त्यांच्या ध्यानात आले.

याच काळात एका वेगळ्याच घटनेने त्यांना विज्ञानजगतात नाव मिळवून दिले. १८४० मध्ये न्यूकॅसलजवळील क्रॅमलिंग्टन येथील कोळसा खाणीत बॉयलरमधून निसटणाऱ्या वाफेला हात लागताच इंजिनवाल्याला विजेचा धक्का बसला. आर्मस्ट्राँग यांनी या प्रकाराचा पाठपुरावा केला आणि बारीक छिद्रांतून वेगाने बाहेर पडणाऱ्या वाफेमुळे स्थिर विद्युत निर्माण होते हे दाखवून दिले. काचेच्या पायांवर उभ्या केलेल्या बॉयलरचे त्यांचे विद्युतयंत्र लंडनमध्ये प्रेक्षकांपुढे मांडण्यात आले. १८४६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. त्या वेळी ते अद्याप वकिलीच करत होते.

क्रेनची संधी पाणीपुरवठ्याच्या योजनेतून आली. दूरच्या तलावांतून न्यूकॅसलला नळाने पाणी आणण्यासाठी १८४५ मध्ये व्हिटल डीन वॉटर कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कामात आर्मस्ट्राँग यांचा मोठा वाटा होता. तलाव उंचावर असल्याने शहराच्या सखल भागात पाण्याला गरजेपेक्षा जास्त दाब मिळत असे. हा जादा दाब वापरून नदीच्या धक्क्यावरील एक क्रेन चालवून दाखवण्याची परवानगी त्यांनी नगरपालिकेकडे मागितली. जहाजातील माल अधिक जलद आणि स्वस्तात उतरवून दाखवू, असा त्यांचा दावा होता. प्रयोग यशस्वी झाला आणि धक्क्यावर आणखी तीन क्रेन बसवण्यात आल्या.

एल्स्विक

१८४७ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी वकिली सोडली. डाँकिन, जॉर्ज क्रुडास, अ‍ॅडिसन पॉटर आणि रिचर्ड लॅम्बर्ट यांच्या भागीदारीत त्यांनी डब्ल्यू. जी. आर्मस्ट्राँग अँड कंपनी स्थापन केली. न्यूकॅसलच्या पश्चिमेस नदीकाठी एल्स्विक येथे साडेपाच एकर जागा घेऊन कारखाना उभारण्यात आला. रेल्वे कंपन्या आणि लिव्हरपूलची गोदी हे सुरुवातीचे ग्राहक होते. १८५० मध्ये ४५ क्रेन बनल्या, दोन वर्षांनी ७५, आणि त्यानंतर शतकाच्या अखेरीपर्यंत वर्षाला सरासरी शंभर क्रेन या कारखान्यातून बाहेर पडत राहिल्या. १८५० मध्ये कामगारांची संख्या तीनशेच्या वर होती. १८६३ पर्यंत ती ३,८०० झाली.

सुरुवातीच्या क्रेनसाठी पाणी उंचावर साठवावे लागे. हंबर नदीच्या मुखाशी ग्रिम्सबीच्या गोदीसाठी सुमारे तीनशे फूट उंचीचा मनोरा बांधण्यात आला आणि १८५२ मध्ये तो कामात आला. परंतु त्याच नदीवरील न्यू हॉलंड येथे जमीन वाळूची होती आणि तिच्यावर असा मनोरा उभा राहणे शक्य नव्हते. या अडचणीवर आर्मस्ट्राँग यांनी शोधलेला उपाय त्यांच्या सर्व शोधांमध्ये बहुधा सर्वांत दूरगामी ठरला. त्यांनी एक मोठे उभे सिलिंडर घेतले, त्यात दट्ट्या बसवला आणि दट्ट्यावर प्रचंड वजन ठेवले. वाफेच्या इंजिनाने सिलिंडरमध्ये पाणी भरले की वजन वर उचलले जाई. क्रेन चालू झाली की तेच वजन खाली येत पाणी जोराने नळात ढकली. यालाच जलदाब संचायक म्हणतात. आता मनोऱ्याची गरज उरली नाही आणि मनोऱ्यापेक्षा कितीतरी पट अधिक दाब मिळू लागला. जेथे उंच जागा नव्हती अशा सपाट बंदरांतही जलशक्ती नेता आली. गोदीची दारे, फिरते पूल, लिफ्ट आणि पुढे युद्धनौकांवरील तोफांचे बुरूज हे सर्व याच तत्त्वावर चालू लागले. लंडनमधील टॉवर ब्रिजची १८९४ मध्ये बसवलेली उचलयंत्रणा आर्मस्ट्राँग यांच्या कंपनीने बनवली होती. ती १९७० च्या दशकापर्यंत कामात होती.

तोफा

क्रिमियाच्या युद्धात नोव्हेंबर १८५४ मध्ये इंकरमनची लढाई झाली. जड तोफा मोक्याच्या जागी नेण्यात ब्रिटिश सैन्याची झालेली दमछाक वृत्तपत्रांत वाचून आर्मस्ट्राँग यांनी हलक्या पण अधिक अचूक तोफेचा आराखडा युद्धमंत्र्यांपुढे मांडला. त्या काळच्या तोफा ओतीव धातूच्या, आतून गुळगुळीत नळीच्या आणि तोंडाकडून ठासण्याच्या असत. आर्मस्ट्राँग यांच्या तोफेत पोलादी आतल्या नळीभोवती घडीव लोखंडाच्या पट्ट्या तापवून गुंडाळल्या जात. पट्ट्या थंड होताना आवळल्या गेल्याने नळी हलकी असूनही मजबूत राही. नळीत आटे पाडलेले असल्याने लांबट गोळा स्वतःभोवती फिरत सरळ जाई आणि दारूगोळा मागील बाजूने भरला जाई.

१८५५ मध्ये पहिली तोफ तयार झाली आणि त्यानंतर मोठ्या आकाराच्या तोफा घेऊन चाचण्या झाल्या. पल्ला आणि अचूकता या दोन्ही बाबतीत जुन्या तोफा खूपच मागे पडल्या. सरकारने ही तोफ स्वीकारली तेव्हा आर्मस्ट्राँग यांनी तिचे सर्व एकाधिकार मोबदला न घेता राष्ट्राला देऊन टाकले. १८५९ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. आट्यांच्या तोफांचे अभियंता म्हणून त्यांची युद्धखात्यात नियुक्ती झाली आणि वुलिच येथील शाही तोफ कारखान्याची देखरेखही त्यांच्याकडे आली. तोफा बनवण्यासाठी एल्स्विक ऑर्डनन्स कंपनी ही स्वतंत्र संस्था उभारण्यात आली. सरकारी अधिकारी असल्याने आर्मस्ट्राँग यांनी तिच्यात स्वतःचा आर्थिक हिस्सा ठेवला नाही. ही कंपनी फक्त ब्रिटिश सरकारलाच तोफा विकू शकत होती.

ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. सैन्यातील अनेक अधिकारी मागून ठासण्याच्या तोफेवर विश्वास ठेवायला तयार नव्हते आणि मँचेस्टरचे यंत्रनिर्माते जोसेफ व्हिटवर्थ यांनी आपली षटकोनी नळीची तोफ पुढे करून कडवी स्पर्धा सुरू केली. तोफेचा मागील भाग बंद करणाऱ्या तुकड्याची रचना खरोखरच कच्ची होती. ऑगस्ट १८६३ मध्ये जपानमधील कागोशिमावरील हल्ल्यात ब्रिटिश नौकांवरील आर्मस्ट्राँग तोफांना अनेक अपघात झाले. पण त्यापूर्वीच, १८६२ मध्ये, सरकारने एल्स्विककडील मागणी बंद करून तोंडाकडून ठासण्याच्या तोफांकडे परत जाण्याचे ठरवले होते. ब्रिटिश नौदल पुन्हा मागून ठासण्याच्या तोफांकडे वळले ते १८८० च्या दशकात. त्याआधी, २ जानेवारी १८७९ रोजी, एचएमएस थंडरर या नौकेवर एकाच तोफेत चुकून दोनदा भरणा झाल्याने स्फोट होऊन ११ जण ठार झाले होते.

आर्मस्ट्राँग यांनी १८६३ मध्ये सरकारी पद सोडले. मागणी नाही, गिऱ्हाईक एकच आणि तेही निघून गेलेले, अशा अवस्थेत तोफांचा एक मोठा कारखाना त्यांच्या हाती उरला. १८६४ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र करून सर डब्ल्यू. जी. आर्मस्ट्राँग अँड कंपनी स्थापन झाली आणि केवळ ब्रिटिश सरकारला विकण्याचे बंधन संपले. अमेरिकी यादवी युद्धात एल्स्विकच्या तोफा उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही पक्षांना विकल्या गेल्या. यापुढचा कंपनीचा इतिहास हा जगाला शस्त्रे विकण्याचा इतिहास आहे. त्याचा आरंभ व्यापारी महत्त्वाकांक्षेतून जितका झाला, तितकाच सरकारच्या धरसोडीतूनही झाला. शस्त्रे बनवणे अभियंत्याचे काम आहे आणि त्यांच्या वापराची जबाबदारी ती वापरणाऱ्यांची, अशी आर्मस्ट्राँग यांची भूमिका होती. या व्यवसायाबद्दल त्यांनी कधी खंत व्यक्त केल्याचे दिसत नाही.

नऊ तासांचा संप

कारखाना वाढला तसे मालक आणि कामगार यांच्यातील अंतरही वाढले. १८७१ च्या वसंत ऋतूत शेजारच्या संडरलंडमधील अभियांत्रिकी कामगारांनी नऊ तासांचा दिवस मिळवला. मे महिन्यात टाइनकाठच्या कामगारांनीही आठवड्याला ५४ तासांच्या मागणीसाठी काम बंद केले. त्यांचे नेते जॉन बर्नेट हे एल्स्विकच्याच कारखान्यात काम करत. मालकांचे नेतृत्व आर्मस्ट्राँग यांच्याकडे आले आणि तडजोड न करण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले. जर्मनी, बेल्जियम आणि डेन्मार्क येथून बदली कामगार आणण्यात आले, पण त्यांच्यापैकी अनेकांना संपकऱ्यांनी समजावून परत पाठवले. जोसेफ कोवेन यांचे न्यूकॅसल क्रॉनिकल हे वृत्तपत्र कामगारांच्या बाजूने उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये, सुमारे वीस आठवड्यांनी, मालकांनी माघार घेतली आणि नऊ तासांचा दिवस मान्य झाला.

स्वतःच्या शहरात आर्मस्ट्राँग यांचा झालेला हा सर्वांत मोठा पराभव होय. यानंतर कारखान्याच्या रोजच्या कारभारातून ते हळूहळू बाजूला झाले आणि सूत्रे अँड्र्यू नोबल यांच्याकडे गेली. नोबल हे तोफखान्यातील माजी अधिकारी होते. तोफेच्या नळीत दारूचा दाब कसा वाढत जातो याचे मोजमाप हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. याशिवाय अभियंता जेम्स मेडोज रेंडेल यांचे जॉर्ज, स्टुअर्ट आणि हॅमिल्टन हे तीन पुत्रही कंपनीत मोठ्या जागांवर होते. जॉर्ज रेंडेल यांनी युद्धनौकांचे आराखडे काढले, तर स्टुअर्ट यांनी परदेशी विक्रीचे काम पाहिले.

जहाजे

एल्स्विक आणि समुद्र यांच्यामध्ये न्यूकॅसलचा दगडी पूल होता. त्याच्या कमी उंचीच्या कमानींखालून मोठी जहाजे जाऊ शकत नसत. तो पाडण्यात आला आणि त्याच्या जागी आर्मस्ट्राँग यांच्या कंपनीने जलदाबावर आडवा फिरणारा पूल बांधला. जून १८७६ मध्ये तो रस्त्याच्या वाहतुकीला खुला झाला. पुढील महिन्यात, १७ जुलै रोजी, तो नदीच्या वाहतुकीसाठी पहिल्यांदा फिरवला गेला तो युरोपा या इटालियन जहाजासाठी. हे जहाज एल्स्विकला शंभर टनांची तोफ घेण्यासाठी चालले होते. हा पूल आजही न्यूकॅसलमध्ये उभा आहे.

तोपर्यंत जहाजांची बांधणी नदीच्या खालच्या अंगाला लो वॉकर येथे चार्ल्स मिचेल यांच्या गोदीत होई आणि आर्मस्ट्राँग यांची कंपनी तिच्यावर तोफा चढवी. १८८२ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र येऊन सर डब्ल्यू. जी. आर्मस्ट्राँग, मिचेल अँड कंपनी ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. १८८४ मध्ये खुद्द एल्स्विकला युद्धनौकांसाठी गोदी सुरू झाली. युद्धनौका बांधून तिला संपूर्ण शस्त्रसज्ज करणारा असा दुसरा कारखाना तेव्हा जगात नव्हता. १८८५ मध्ये इटलीत नेपल्सजवळ पोझ्झुओली येथे कंपनीची शाखा निघाली.

चिली, इटली, चीन, जपान अशा अनेक देशांच्या नौका येथे बांधल्या गेल्या. १८८३ मध्ये चिलीसाठी जलावतरण झालेली एस्मेराल्डा ही वेगवान नौका त्या प्रकारच्या क्रूझरांचा आदर्श मानली जाते. १८९४ मध्ये जपानने ती विकत घेतली आणि तिचे नाव इझुमी ठेवले. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर रोजी, यालू नदीच्या मुखाशी चीन आणि जपान यांची नाविक लढाई झाली. त्यात चीनच्या बाजूने लढून बुडालेली झियुआन ही नौका एल्स्विकची होती. तिच्यासमोर उभ्या असलेल्या जपानच्या नानिवा, ताकाचिहो आणि योशिनो या नौकाही याच कंपनीने बांधलेल्या होत्या. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत जपानने रशियाचा आरमारी ताफा नष्ट केला, तेव्हा रशियन ताफ्याचा माग काढणाऱ्या नौकांमध्ये इझुमीही होती. जपानी ताफ्यावरील बहुतेक मोठ्या तोफा एल्स्विकच्या होत्या. आर्मस्ट्राँग मात्र ही लढाई पाहण्यास हयात नव्हते.

क्रॅगसाइड आणि उत्तरायुष्य

१८६३ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी बालपणीच्या रॉथबरीजवळ जमीन घेऊन क्रॅगसाइड नावाचे घर बांधले. १८६९ पासून वास्तुविशारद रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी या साध्या घराचे एका अवाढव्य वाड्यात रूपांतर केले. आर्मस्ट्राँग यांनी ओढे अडवून कृत्रिम तलाव केले आणि उघड्या माळावर लाखो झाडे लावली. तलावांच्या पाण्यावर घरातील लिफ्ट चाले आणि स्वयंपाकघरात मांस भाजण्याचा गजही फिरे. १८७८ मध्ये तलावाच्या पाण्यावर जनित्र चालवून चित्रदालनात आर्क दिवा लावला गेला आणि १८८० मध्ये न्यूकॅसलचेच जोसेफ स्वॉन यांनी शोधलेले विजेचे दिवे घरभर आले. जलविद्युतेने उजळलेले जगातील पहिले घर म्हणून क्रॅगसाइड ओळखले जाते. इराणचा शहा, सयामचा राजा आणि चीनचे मुत्सद्दी ली होंगझांग यांच्यासारखे पाहुणे येथे उतरत. क्रॅगसाइडचा पाहुणचार आणि एल्स्विकची विक्री यांची सीमा फारशी स्पष्ट नव्हती.

या घरामागे केवळ हौस नव्हती. १८६३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन न्यूकॅसलला भरले, तेव्हा अध्यक्षीय भाषणात आर्मस्ट्राँग यांनी कोळशाच्या वाढत्या वापराचा हिशेब मांडला होता. वापराची वाढ अशीच राहिली तर ब्रिटनचा कोळसा सुमारे दोन शतकांत संपेल, आणि जळणाऱ्या कोळशातील शक्तीचा फार थोडा भागच कामी येतो, असे त्यांचे म्हणणे होते. जलशक्तीबरोबरच सूर्याच्या उष्णतेचाही उपयोग करता येईल, असे ते मांडत. उष्ण कटिबंधातील एक एकर जमिनीवर पडणारी उष्णता दिवसाचे जवळजवळ नऊ तास चार हजार घोड्यांएवढे काम करू शकेल असा त्यांचा अंदाज होता. कोळशाच्याच बळावर वाढलेल्या शहरात, कोळसा खाणींच्या मालकांसमोर, हे सांगणे धाडसाचे होते.

१८८६ मध्ये त्यांनी न्यूकॅसलमधून संसदेची निवडणूक लढवली आणि ते हरले. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त त्यांना बॅरन ही उमरावपदवी देण्यात आली. अभियंता म्हणून हा मान मिळवणारे ते पहिले मानले जातात. संशोधकांना मिळणाऱ्या पेटंटच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. स्वतः इतके शोध लावणाऱ्या माणसाची ही भूमिका अनेकांना चमत्कारिक वाटे.

न्यूकॅसलला त्यांनी भरपूर दिले. जेस्मंड डीन हे वृक्षराजीने भरलेले खोरे १८८३ मध्ये त्यांनी शहराच्या स्वाधीन केले. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या विज्ञान महाविद्यालयाला त्यांचा आधार होता. पुढे त्या संस्थेला आर्मस्ट्राँग कॉलेज असे नाव मिळाले आणि आजचे न्यूकॅसल विद्यापीठ तिच्यातूनच वाढले आहे. मार्गारेट यांचे १८९३ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी आर्मस्ट्राँग यांनी समुद्रकाठचा जीर्ण बॅम्बरो किल्ला विकत घेऊन त्याच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. याच काळात ते पुन्हा विद्युतप्रयोगांकडे वळले आणि १८९७ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, हवा आणि पाणी यांतील विद्युत हालचालींवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीने जुने प्रतिस्पर्धी व्हिटवर्थ यांची मँचेस्टरची कंपनी सामावून घेतली. व्हिटवर्थ तोपर्यंत निवर्तले होते. एकत्रित कंपनीचे नाव सर डब्ल्यू. जी. आर्मस्ट्राँग, व्हिटवर्थ अँड कंपनी असे झाले.

२७ डिसेंबर १९०० रोजी क्रॅगसाइड येथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी आर्मस्ट्राँग यांचे निधन झाले. रॉथबरीच्या चर्चच्या आवारात पत्नीशेजारी त्यांना पुरण्यात आले. संपत्तीचा वारसा बहिणीचे नातू विल्यम वॉटसन-आर्मस्ट्राँग यांच्याकडे गेला. त्यांनी न्यूकॅसलच्या नव्या रुग्णालयासाठी एक लाख पौंडांची देणगी दिली.

कंपनीचा पुढील इतिहास

आर्मस्ट्राँग यांच्यानंतर नोबल अध्यक्ष झाले आणि १९१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. युद्धनौकांचा आकार वाढत गेला तसा एकेकाळी एल्स्विकची वाट मोकळी करणारा फिरता पूलच आता अडसर ठरू लागला, कारण त्याच्या दोन दारांतून जाऊ शकतील एवढ्याच रुंदीची जहाजे वर बांधता येत. म्हणून कंपनीने पुलाच्या खालच्या बाजूस हाय वॉकर येथे नवी गोदी उभारली. पहिल्या महायुद्धानंतर एल्स्विकची जहाजगोदी बंद झाली.

शस्त्रांची मागणी ओसरताच कंपनीने रेल्वे इंजिने, मोटारी आणि विमाने यांच्याबरोबर एक सर्वस्वी अनोळखी धंदा हाती घेतला. न्यूफाउंडलंड बेटावर कॉर्नर ब्रुक येथे कागदाची प्रचंड गिरणी उभारण्याचे हे काम होते. गिरणी १९२५ मध्ये सुरू झाली, पण खर्च अंदाजापलीकडे गेला आणि कंपनी कर्जाच्या डोंगराखाली दबली. बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावे लागले. मोटारी आणि विमानांचा व्यवसाय जॉन सिडले यांना विकण्यात आला. १९२७ मध्ये तोफा आणि युद्धनौकांचा व्यवसाय शेफील्डच्या व्हिकर्स कंपनीत विलीन होऊन व्हिकर्स-आर्मस्ट्राँग्ज ही नवी कंपनी निघाली. तिच्यात व्हिकर्सचा वाटा मोठा होता आणि काही वर्षांतच आर्मस्ट्राँग व्हिटवर्थचा हिस्साही व्हिकर्सने घेतला. आर्मस्ट्राँग व्हिटवर्थची मूळ कंपनी उरली ती भाग धारण करणारी कंपनी म्हणून. स्कॉट्सवुड येथील रेल्वे इंजिनांचा कारखाना तिच्या उपकंपनीकडे होता आणि लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी त्याने १९३५ ते १९३७ या काळात 'ब्लॅक फाइव्ह' जातीची ३२७ इंजिने बांधली.

व्हिकर्सच्या छत्राखाली एल्स्विकला रणगाडे बनत राहिले. भारतीय सैन्याच्या विजयंता रणगाड्याचा आराखडा व्हिकर्स-आर्मस्ट्राँग्जचा होता. पहिले रणगाडे ब्रिटनमध्ये बनले आणि नंतर चेन्नईजवळ आवडी येथे त्यांचे उत्पादन झाले. भारतीय नौदलाच्या पहिल्या दोन्ही विमानवाहू नौकाही याच कंपनीच्या. विक्रांतचे जलावतरण १९४५ मध्ये टाइनकाठी हर्क्युलिस या नावाने झाले, तिचे उरलेले काम बेलफास्टला पूर्ण झाले आणि १९६१ मध्ये ती भारतीय नौदलात दाखल झाली. निवृत्तीनंतर काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये मुंबईतच ती तोडण्यात आली. विराटची बांधणी व्हिकर्सच्या बॅरो येथील गोदीत हर्मिस या नावाने झाली होती.

१९६० मध्ये कंपनीचा विमानविभाग ब्रिटिश एअरक्राफ्ट कॉर्पोरेशनमध्ये गेला आणि १९७७ मध्ये जहाजबांधणीचे राष्ट्रीयीकरण झाले. उरलेल्या व्हिकर्सने १९८० मध्ये रोल्स-रॉइस मोटर्स ही मोटार कंपनी घेतली आणि १९९८ मध्ये तिची मोटारनिर्मिती जर्मनीच्या फोक्सवॅगनला विकली. १९९९ मध्ये विमानांची इंजिने बनवणाऱ्या रोल्स-रॉइसने व्हिकर्सच विकत घेतली. तिला प्रामुख्याने जहाजांच्या प्रणोदनाचा व्यवसाय हवा होता. रणगाड्यांचा विभाग २००२ मध्ये आल्विसकडे आणि २००४ मध्ये बीएई सिस्टिम्सकडे गेला. एल्स्विकचा जुना कारखाना १९८० च्या दशकात पाडण्यात आला आणि त्या जागेवर कार्यालयांची वसाहत उभी राहिली. त्याऐवजी स्कॉट्सवुड रस्त्यावर १९८२ मध्ये सुरू झालेला रणगाड्यांचा कारखाना बीएई सिस्टिम्सने पुढे बंद केला.